डान्स क्लास लावताय? स्टेप्सच्या आधी लय पकडा

पुण्यात क्लासला नवीन आलेले बरेच जण आधी हेच विचारतात की फास्ट गाण्यावर कधी जमेल. मला विचाराल तर गाणं किती पळतंय हे नंतर बघा, ठोका कुठे पडतो आणि मोकळी जागा कुठे आहे ते आधी कळायला हवं.

मी कथकमधून आले (कथक गुरू रोहिणीताई भाटेंनी १९४७ मध्ये नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली तेव्हापासून हे शहर कथकचंच आहे असं मी मानते!) आणि मग सालसा शिकले. कथकमध्ये तीनतालाच्या १६ मात्रा (म्हणजे ठोके) हातावर धरून ततकार, म्हणजे तालावर पावलांचे ठेके, करायचा, बराबर, मग दुगुन, मग चौगुन, म्हणजे ताल त्याच वेगात चालू राहतो पण पावलं दुप्पट, चौपट होतात. हे एकदा अंगात मुरलं की वेगाची भीतीच जाते.

सालसाची गाणी मिनिटाला १८० बीट्सच्या आसपास, ऐकूनच छातीत धस्स होतं, पण ८ काउंटमध्ये पावलं ६च असतात, ४ आणि ८ ला पाऊल टाकायचं नाही, तिथे वजन नीट सरकवायचं, आणि पावलं छोटी ठेवायची, लांब टाकलीत की मागे पडलातच. आता व्हिएनीज वॉल्ट्झ हा गोल फिरत करायचा जोडीनाच घ्या, तोही १८० च्या जवळपास, तरी नाच पूर्ण वेगळा, कारण मोजायचं ३ मध्ये, पहिला ठोका जड आणि पाऊल प्रत्येक बीटला, त्यामुळे तो जड ठोका एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या पायावर येतो आणि अंग गोल फिरत राहतं. दादरा (३-३ असा ६ मात्रांचा ताल) कानात असेल तर हे पटकन जमतं.

बचाटा, हाही सालसासारखा लॅटिन जोडीनाच, त्यामानाने सोपा, तीन पावलं आणि ४ ला टॅप, म्हणजे पाय नुसता टेकवायचा. हिपहॉप मात्र संथ असूनही अवघड, ठोक्यांमधल्या वेळात शरीर काय करतंय ते सगळं दिसतं ना.

घरच्या घरी नाही जमलं तर गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस चालते तिथे जाऊन उभे राहा, ढोलावर चालायचं आणि ताशावर बोटं वाजवायची, दोन्ही एकदम.

आणि क्लासची ट्रायल घ्याल तेव्हा बघा, गाणं लावायच्या आधी ते तुमच्याकडून काउंट तोंडाने म्हणून घेतात का. नुसत्या स्टेप्स दाखवत असतील तर फी भरू नका, अजून एखादी ट्रायल घ्या.