नंबर पॅडवर आकडे भरताय? या चुका टाळा

शब्दात चूक झाली की वाचणाऱ्याला ती लगेच खटकते. आकड्यांचं तसं नाही. ४,५७० च्या जागी ५,४७० पडले तरी तो आकडा तितकाच खरा वाटतो आणि पगारपत्रक तसंच पुढे सरकतं. त्यामुळे नंबर पॅड (कीबोर्डच्या उजव्या बाजूचा आकड्यांचा भाग) शिकताना वेगाच्या आधी अचूकता हवी, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात नुकसान करणारी सवय म्हणजे एकट्या तर्जनीने सगळं टाइप करणं. मग नजर हातावर, तिथून कागदावर, तिथून स्क्रीनवर फिरत राहते आणि ओळ चुकते ती याच फेऱ्यांत. ५ च्या बटणावर छोटा उंचवटा असतो. उजव्या हाताचं मधलं बोट त्यावर ठेवा, म्हणजे तर्जनी ४ वर आणि अनामिका ६ वर आपोआप येते. तर्जनीकडे ७, ४, १. मधल्या बोटाकडे ८, ५, २. अनामिकेकडे ९, ६, ३ आणि दशांशाचं टिंब. शून्य अंगठ्याने, एंटर करंगळीने. सुरुवातीला वेग कमी होईल, होऊ द्या. हाताकडे पाहायचा मोह आवरत नसेल तर हातावर रुमाल टाकून सराव करा. डावा हात रिकामाच असतो. त्याचं बोट किंवा एखादी पट्टी कागदावरच्या ओळीवर ठेवा.

मोबाइलची सवयही इथे नडते. मोबाइलवर १, २, ३ वरच्या रांगेत असतात, पॅडवर ७, ८, ९. १ च्या जागी ७ किंवा ३ च्या जागी ९ वारंवार पडत असेल तर कारण बहुधा हेच.

आकडे उमटायच्या ऐवजी कर्सर इकडेतिकडे पळतोय? नमलॉक, म्हणजे पॅडवरचे आकडे चालू-बंद करणारं बटण, बंद आहे. अशा वेळी टिंबाचं बटण डिलीटचं काम करतं आणि एक्सेलमधला भरलेला सेल रिकामा होऊ शकतो, म्हणून कामाला बसल्याबरोबर आधी नमलॉक तपासा.

एक्सेलमध्ये तर बोटं बरोबर चालूनही घोळ होतो. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक टाकला की सुरुवातीचं शून्य गायब. पंधरापेक्षा जास्त अंक असले तर सोळाव्यापासून पुढचे अंक शून्य होतात. आणि ७/१२ टाइप केलं की त्याची तारीख होते! गट नंबर भरणाऱ्यांना हे चांगलंच माहीत असेल. नंतर फॉरमॅट बदलून मूळ नोंद परत मिळत नाही, तारखेच्या जागी पाच अंकी भलताच आकडा दिसतो. त्यामुळे असा कॉलम भरायच्या आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकू नका.

बेरीज जुळत नाही तेव्हा सगळं पुन्हा भरत बसू नका. आधी फरक काढा. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची किंवा एखादं शून्य कमी-जास्त पडल्याची दाट शक्यता असते. वरच्याच उदाहरणात फरक ९०० आहे. भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. ती नावेच्या जागी जमेला गेलेली असू शकते.

वेगाची धास्ती घेणाऱ्यांसाठी एक हिशेब. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत बहुतेक डेटा एंट्री ऑपरेटर पदांसाठी ताशी ८,००० की-डिप्रेशनचा, म्हणजे तितक्या वेळा बटण दाबण्याचा, निकष असतो. तिथे मजकूर टाइप करायचा असतो हे खरं, पण सेकंदाला सव्वादोन बटणंही होत नाहीत. पाच बोटं जागेवर असतील तर हा वेग सरावाने नक्की येतो.

तासन्‌तास फक्त आकडेच भरायचे असतील तर कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा, म्हणजे पॅड उजव्या खांद्यासमोर येईल आणि मनगट वाकडं होणार नाही.