रात्री लघवी करताना चक्कर येऊन पडता? या चुका टाळा

जानेवारीतली गोष्ट. नाशिकची थंडी, पहाटेचे तीन. सिडकोतले आमच्या शेजारचे काका गोधडीतून उठले ते तडक बाथरूममध्ये, आणि मिनिटभरात बादली कोसळल्याचा आवाज. आतून कडी. ती तोडली तरी दार उघडेना, कारण काका दारालाच अडून पडलेले. लगेच शुद्धीवर आले, पण कपाळाला तीन टाके पडले. सकाळी गल्लीचं निदान एकच: अशक्तपणा.

पहिली चूक इथेच होते. झोपेत रक्तदाब उतरलेला असतो, उबेनं रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. झटकन उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. त्यात तुंबलेलं मूत्राशय एकदम रिकामं झालं की दाब आणखी घसरतो, नाडी मंदावते. प्रोस्टेटमुळे धार सुटत नाही म्हणून कुंथलात तर त्यात भरच. हा त्रास पुरुषांना जास्त, कारण ते उभ्यानं करतात. रात्री बसून करा. (काकांना हे पटायला आठवडा गेला.) उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा.

काकांना दहाच दिवसांपूर्वी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू झालं होतं. या गोळीनं आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही उभं राहताना दाब पडू शकतो. पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रात्री उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी तोडणं हीसुद्धा चूकच. आणि वाइन म्हणजे दारू नव्हे असं आपल्याकडे बरेच जण मानतात. शरीराला तो फरक कळत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, लघवीही वाढते.

माणूस पडला की उठवून बसवू नका. आडवंच ठेवा, पाय उंच करा, तोंडात पाणी ओतू नका. लासलगाव जवळ आहे म्हणून कांदा हुंगवायचीही गरज नाही.

एकदाच झालं तरी तपासणी हवी: ईसीजी, साखर, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत बीपी. वरचा आकडा 20 नं उतरला तर कारण बहुधा सापडलं. छातीत दुखणं, धडधड, काहीही न जाणवता कोसळणं किंवा घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, यांत हृदयाची शंका आधी घ्यायची. दरवेळी लघवी करताना डोकं ठणकत असेल, धडधडत असेल तर तेही सांगा. क्वचित मूत्राशयातली गाठ असं करते. शुद्ध लवकर आली नाही तर 108.

काकांची गोळी डॉक्टरांनी बदलली. बाथरूमची कडी मात्र काकूंनी स्वतःच काढून टाकली. आत कुणी आहे हे कळायला आता दारावर पंचा टांगतात.