रोज दुपारी अडकणारं नेटवर्क

आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात नऊ कॉम्प्युटर. दुपारनंतर सर्व्हरवरची फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागायचं, थोड्या वेळानं सगळं पुन्हा सुरळीत. रिटर्न भरायचे दिवस, सगळ्यांचा जीव टांगणीला. आधी इंटरनेटवाल्याला बोलावलं, त्यात दोन दिवस गेले.

मग कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडून पिंग (दुसऱ्या यंत्राकडून उत्तर किती वेळात येतं ते पाहणारी आज्ञा) सतत चालू ठेवलं. राउटरला कायम १ मिलिसेकंद. सर्व्हरला मात्र मधेच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच नाही. म्हणजे दुखणं घरातलंच! स्विचपाशी (ऑफिसातल्या सगळ्या केबल जिथे जोडल्यात ती पेटी) बसून राहिलो, तर सर्व्हरच्या पोर्टचा दिवा विझून हिरव्याचा नारिंगी झाला. आमच्या स्विचवर त्याचा अर्थ, वेग १००० वरून १०० एमबीपीएसवर आला. गिगाबिटला, म्हणजे १०००च्या वेगाला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १००ला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार सैल झाली तरी जोडणी पुरती तुटत नाही, नुसती मंदावते. असा दोष फार छळतो.

सर्व्हरची केबल कपाटामागून गेली होती. दुपारी जुन्या फायली काढायला दार उघडलं की ते तिच्यावर दाबायचं. नवी कॅट-६ केबल छतालगत पट्टीतून नेली. तेव्हापासून दिवा हिरवाच आहे.