प्रोग्रॅमिंगच्या मीटअपला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या मीटअपला, म्हणजे पुण्यात दर महिन्याला होणाऱ्या बैठकीला, मी गेली काही वर्षं जाते आहे. मी मूळची कॉमर्सची. ऑफिसात जीएसटीच्या याद्या एक्सेलमध्ये हातानं जुळवून कंटाळले, म्हणून पायथन शिकायला घेतलं. आसपास या विषयावर बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे या बैठकांची वाट धरली. आता नवीन मुलंमुली विचारतात, "ताई, आम्हाला फारसं काही येत नाही, आलो तर चालेल का?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

चालेल. उलट फारसं येत नाही तेव्हाच या. फक्त रिकाम्या हातानं येऊ नका. लॅपटॉपमध्ये तुमचं स्वतःचं एखादं अर्धवट काम असू द्या. व्हिडिओ बघून उतरवलेलं नको, तुमच्या गरजेतून आलेलं हवं. दुकानाच्या उधारीची वही, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब, कॉलेजची हजेरी, काहीही चालेल. भाषणं यूट्यूबवरही ऐकता येतात. शेजारी बसून तुमच्या कोडच्या नेमक्या ओळीवर बोट ठेवणारा माणूस मात्र घरबसल्या मिळत नाही, आणि मीटअपला जायचं ते त्याच्यासाठी.

बैठक बहुतेक वेळा शनिवारी सकाळी, एखाद्या कंपनीच्या ऑफिसात नाहीतर कॉलेजच्या वर्गात भरते. जागा कुणीतरी आपुलकीनं दिलेली असते. म्हणून आधी नाव नोंदवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा, नाहीतर गेटवरच अडाल. फी नसते. सुरुवातीला एक-दोन मोठी भाषणं, मग पाच-पाच मिनिटांची छोटी, ज्यांना सगळे लायटनिंग टॉक म्हणतात, आणि शेवटी चहा. मोठं भाषण डोक्यावरून गेलं तरी घाबरू नका, तिथल्या निम्म्या लोकांचं तेच झालेलं असतं. पण ते संपल्यावर बॅग उचलून निघणाऱ्यांना मी आवर्जून थांबवते. खरी बैठक त्यानंतर सुरू होते.

एकदा तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात काम करणारा एक मुलगा आला होता. सभासदांची यादी त्यानं पायथनमध्ये घातली होती आणि ती अकारविल्हे लागत नव्हती. चहाच्या वेळी त्यानं लॅपटॉप उघडला. गावांच्या रकान्यात कल्याण, कळंब, कवठे, कसबे असा क्रम आला होता. मराठी कोशात 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो, म्हणजे कळंब सगळ्यांत शेवटी जायला हवं. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी यादी. तिच्यात मात्र 'ळ'ला 'ल'च्या शेजारची जागा आहे, आणि पायथनची 'सॉर्टेड' ही क्रम लावायची आज्ञा फक्त ते क्रमांक बघते. गंमत पुढे होती. सभासदांतले काही वकील यादीच्या तळाशी, हणमंतरावांच्याही खाली गेले होते, तर काही थेट 'ए'च्या वर जाऊन बसले होते. कुणीतरी नीट निरखून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की काही नावांपुढे 'ॲड.' टाइप केलेलं आहे आणि काहींपुढे 'ऍड.'. दिसायला जवळजवळ सारखं, पण कॉम्प्युटरला ही दोन वेगळी अक्षरं. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर स्वरांच्या ओळीत त्याच्यासाठी जागा उरली नव्हती, म्हणून ते 'ह'च्याही बऱ्याच पुढे गेलं.

तिथल्या तिथे दोघा-तिघांनी मिळून मार्ग काढला. आधी सगळे 'ऍ' बदलून 'ॲ' करून घ्यायचे, मग आयसीयू ही लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरून मराठीच्या नियमानं क्रम लावायचा. त्या लायब्ररीत 'ळ' 'ह'च्या नंतर धरलेला आहे. त्या दिवशी मोठं भाषण कशावर होतं हे मला आठवतही नाही, पण ही यादी अजून डोळ्यांसमोर आहे. वर्षानुवर्षं पायथनवर पोट भरणाऱ्या मंडळींनाही यातलं बरंच नवीन होतं, आणि ते त्यांना सापडलं एका नवख्या मुलाच्या अर्धवट कामामुळे. नवीन माणूस नुसता घ्यायला येतो असं जे समजतात, त्यांना मी हा किस्सा सांगते.

एकमेकांचं काम बघायला असं जमायची ही पद्धत जुनी आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर तेव्हा नुकताच आला होता आणि हौशी मंडळींना तो एकत्र बसून बघायचा होता. पुढे या बैठका ली फेल्सेन्स्टाइन हे इंजिनिअर चालवायचे. आधी एकेकानं उभं राहून आपण काय करतो आहोत, आपल्याला काय हवं आहे ते सांगायचं. मग सगळ्यांनी जागा सोडायची आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचं आहे त्याला गाठायचं. ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक पहिल्या बैठकीपासून तिथे होते, आणि ॲपल-१ या आपल्या कॉम्प्युटरचे आराखडे त्यांनी याच क्लबात फुकट वाटले. आमच्याकडेही ओळखीची फेरी होते तेव्हा नाव आणि कंपनी सांगून खाली बसू नका. "मी अमुक करतेय आणि तमुक ठिकाणी अडलेय" एवढं म्हणा. चहाच्या वेळी लोक आपणहून तुमच्याकडे येतात.

विचारायचं कसं, हेही शिकून घ्या. नुसतं "चालत नाही" म्हटलं तर समोरचा काय करणार? प्रोग्रॅमला काय दिलं, काय यायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय आलं, हे तिन्ही सांगा. एरर आली की पायथन भलामोठा मजकूर छापतं. तो खालून वर वाचा. शेवटच्या ओळीत एररचं नाव असतं आणि तिच्या जरा वर तुमच्या फाइलमधली ओळ. पाचशे ओळींच्या प्रोग्रॅममधून चूक दाखवणाऱ्या दहा ओळी वेगळ्या काढून आणा. त्या काढता काढता निम्म्या वेळा उत्तर तुमचं तुम्हालाच सापडतं.

भाषेचं दडपण घेऊ नका. स्लाइड इंग्रजीत असतात, बोलणं मराठी, हिंदी, इंग्रजी जसं येईल तसं चालतं. मराठीत खुशाल विचारा. नोकरीसाठी म्हणून याल तर पहिल्याच दिवशी बायोडेटा वाटू नका. चार-सहा महिने तुमचं काम पाहिलेले लोक जागा निघाली की स्वतः कळवतात.

मुलींना वेगळं सांगायचं आहे. खोलीत बायका अजूनही कमी असतात आणि पहिल्या दिवशी ते जाणवतं. मैत्रिणीला बरोबर आणा, पुढच्या रांगेत बसा आणि गटानं वागणुकीचे नियम लेखी ठेवले आहेत का, तक्रार कुणाकडे करायची हे दिलंय का, ते आधी बघा. पायलेडीज हा बायकांचा गट २०११ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, त्याच्या शाखा भारतातही निघाल्या आहेत. तिथून सुरुवात केली तरी उत्तम. पायथनच हवं असंही नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची ओढ असेल तर पुणे लिनक्स युजर्स ग्रुप म्हणजे प्लग आहे, मुक्त सॉफ्टवेअरसाठी, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो त्यासाठी, फॉस युनायटेडच्या शहरोशहरी होणाऱ्या बैठका आहेत.

तीन-चार बैठका झाल्या की पाच मिनिटांच्या भाषणासाठी नाव द्या. भिशीसारखंच आहे हे, प्रत्येकानं घालायचं आणि प्रत्येकाची पाळी यायची. विषय मोठा नको. वाचनालयाच्या त्या मुलानं पुढच्या खेपेला 'ळ' आणि 'ॲ' एवढंच दाखवलं, आणि लोक चहा सोडून ऐकत होते. टर्मिनलचा, म्हणजे कोड चालवायच्या खिडकीचा, फॉन्ट शेवटच्या रांगेतून वाचता येईल इतका मोठा करा. काळ्या पार्श्वभूमीपेक्षा पांढरी बरी, दिवसाउजेडी प्रोजेक्टरवर काळं काही दिसत नाही. लॅपटॉप प्रोजेक्टरला लावायचा एचडीएमआयचा जोड स्वतःचा आणा. इंटरनेट लागणारच असेल तर आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरी एकदा मोठ्यानं बोलून घड्याळ लावा. सात मिनिटं लागली तर ओळख आणि प्रस्तावना काढून टाका, कोड ठेवा. विषय आयोजकांना दोन ओळींत कळवला तरी पुरतो: काय अडलं होतं, आणि पडद्यावर काय दाखवणार आहात.