मानसशास्त्रीय संशोधनातील सांख्यिकी: चाचणी चालवण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांख्यिकीची धास्ती वाटते ती बहुधा सूत्रांमुळे. पण प्रबंधातील निष्कर्ष सूत्रांमुळे क्वचितच बिघडतात, कारण आकडेमोड एसपीएसएस, आर किंवा जामोवी ही सांख्यिकी सॉफ्टवेअर बिनचूक करून देतात. बिघाड बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो: माहितीच्या तक्त्यात किंवा संशोधन-प्रश्नाच्या मांडणीत. म्हणून आउटपुटमध्ये काही विचित्र दिसले, की दुसरी चाचणी लावून पाहण्याऐवजी आधी मागे जाऊन तक्ता तपासावा.

उलट गुणांकन आणि ९९ चा घोळ

अनेक प्रश्नावल्यांमध्ये काही विधाने मुद्दाम नकारार्थी असतात. रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मान श्रेणीतील १० पैकी ५ विधाने अशी आहेत. त्यांचे गुण उलटे न करताच बेरीज केली, तर आत्मसन्मान उंच असणाऱ्या आणि खालावलेल्या अशा दोन्ही व्यक्तींचे एकूण गुण मधल्या आकड्यांकडे ओढले जातात आणि पुढचे सगळे सहसंबंध क्षीण होतात. ही चूक ओळखणे सोपे आहे: क्रोनबाखचा अल्फा (श्रेणीतील विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत, हे दाखवणारा आकडा) अनपेक्षितपणे कमी किंवा चक्क ऋण येतो, आणि विधान व एकूण गुण यांच्यातील सहसंबंधाच्या रकान्यात अशा विधानांपुढे सहसा ऋण चिन्ह दिसते. अशा वेळी ती विधाने वगळून अल्फा वाढवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास प्रमाणित श्रेणीच मोडीत निघते. विधाने वगळायची नाहीत, उलटवायची आहेत. १ ते ५ गुणांची श्रेणी असेल तर मूळ गुण ६ मधून वजा करावा, १ ते ४ असेल तर ५ मधून.

येथे क्रमालाही महत्त्व आहे. न दिलेल्या उत्तरासाठी ९९ हा संकेतांक वापरला असेल आणि तो ‘मिसिंग’ म्हणून नोंदवण्याआधीच गुण उलटवले, तर ६ वजा ९९ म्हणजे उणे ९३ हा आकडा तक्त्यात शिरतो. नंतर ९९ मिसिंग ठरवूनही तो पकडला जात नाही. म्हणून कोणत्याही चाचणीआधी प्रत्येक चलाचे किमान मूल्य, कमाल मूल्य आणि वारंवारता पाहावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण वेळ वाचवणारे आहे.

स्वाधीनता मात्रेकडे दुर्लक्ष

विद्यार्थी आउटपुट उघडताच थेट पी-मूल्याकडे धाव घेतात, आणि शेजारची स्वाधीनता मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे विश्लेषणात मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या मूल्यांची संख्या) वाचायची राहून जाते. वास्तविक विश्लेषण बरोबर झाले की नाही, हे तीच आधी सांगते. समजा, २० जणांची चिंता प्रशिक्षणापूर्वी आणि प्रशिक्षणानंतर मोजली आहे. जोडी टी-चाचणीत, म्हणजे त्याच व्यक्तींच्या दोन मोजमापांच्या तुलनेत, ही संख्या १९ यायला हवी. ती ३८ आली, तर त्याच २० व्यक्तींना दोन स्वतंत्र गट समजले गेले आहे. अपेक्षेपेक्षा कमी आली, तर अपूर्ण उत्तरांमुळे काही सहभागी विश्लेषणातून गळले आहेत. दोन गटांतील विचरण समान न मानणाऱ्या वेल्च टी-चाचणीत मात्र ती अपूर्णांकात येते. तेथे घाबरण्याचे कारण नाही.

पी-मूल्याचे गैरवाचन

पी-मूल्य ०.०३ म्हणजे शून्य परिकल्पना (प्रत्यक्षात काहीच फरक नाही, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असे तोंडी परीक्षेत हमखास ऐकू येते, आणि ते चूक आहे. शून्य परिकल्पना व चाचणीची इतर गृहीतके खरी मानली, तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढेच पी-मूल्य सांगते. एसपीएसएसने .००० दाखवले तरी ते शून्य नसते, अहवालात ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे.

याहून फसवी चूक दोन गटांच्या तुलनेत होते. प्रायोगिक गटातील बदलाचे पी-मूल्य ०.०३ आणि नियंत्रित गटातील ०.०८ आले, म्हणून उपाय परिणामकारक ठरला, असा निष्कर्ष काढता येत नाही. एक फरक सार्थक (पी-मूल्य ठरलेल्या स्तरापेक्षा, सहसा ०.०५ पेक्षा, कमी) आणि दुसरा असार्थक असला, तरी त्या दोहोंमधील फरक सार्थक असेलच असे नाही. त्यासाठी दोन्ही गटांतील बदलांची थेट तुलना करावी लागते, म्हणजेच गट आणि वेळ यांची आंतरक्रिया (वेळेनुसार होणारा बदल गटागणिक वेगळा आहे का) तपासावी लागते.

सार्थक निकाल मिळेपर्यंत उपश्रेण्या आणि उपगट पालटून पाहणे हा तर रोगच आहे. एकमेकांपासून स्वतंत्र अशा २० चाचण्या ०.०५ स्तरावर केल्या, तर प्रत्यक्षात काहीच परिणाम नसतानाही किमान एक निकाल सार्थक येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निकाल होते, पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांवर आले. लहान नमुने हेही अशा पडझडीचे एक कारण मानले जाते. दोन स्वतंत्र गटांतील मध्यम फरक (कोहेनचा डी, म्हणजे प्रमाण विचलनाच्या एककात मोजलेला फरक, ०.५) ८० टक्के शक्तीने, म्हणजे फरक खरोखर असल्यास तो सापडण्याच्या ८० टक्के शक्यतेने, पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात, २०-२० जणांत ती शक्ती जेमतेम ३४ टक्के उरते. त्यामुळे परिकल्पना, चाचणी आणि नमुन्याचा आकार माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवावेत.

प्रसामान्यतेविषयी (गुणांचे वितरण घंटाकृती असण्याविषयी) थोडक्यात: ती मूळ गुणांची नव्हे, तर अवशेषांची (प्रत्यक्ष मूल्य आणि प्रतिमानाने वर्तवलेले मूल्य यांतील फरकांची) पाहायची असते, आणि जोडी टी-चाचणीत फरकांची. मोठ्या नमुन्यात प्रसामान्यता तपासणारी शापिरो-विल्क चाचणी किरकोळ विचलनही सार्थक ठरवते, म्हणून आलेखही पाहावा.

एकाच माहितीवर आर आणि एसपीएसएस वेगवेगळे एफ-मूल्य देऊ लागले, तर माहिती बिघडली असे लगेच समजू नये. द्विघटकी प्रचरण विश्लेषणात (दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासणाऱ्या अनोव्हात, ज्याचा निकाल एफ-मूल्यात येतो) गटांचे आकार असमान असतील, तर आरमधील मूळ आज्ञा वर्गांच्या बेरजेचा (सम ऑफ स्क्वेअर्स) पहिला प्रकार वापरते आणि एसपीएसएस तिसरा. पहिल्या प्रकारात घटक कोणत्या क्रमाने लिहिले यावरही उत्तर बदलते, म्हणून कोणता प्रकार वापरला ते अहवालात नोंदवावे.