एरर कोड पकडताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे आधी लॉग आणि मग एररनो (सी भाषेत फसलेल्या कॉलचं कारण आकड्यात ठेवणारं व्हेरिएबल). फाइल उघडली नाही की घाईघाईने लॉगमध्ये एक ओळ टाकायची आणि त्यानंतर एररनो वाचायचा. तोवर मधल्या एखाद्या कॉलने तो बदललेला असतो.

एका टीमच्या लिनक्स सर्व्हरवर फाइल उघडताना सतत २५ यायचा, म्हणजे ईनॉटटीवाय, ‘हे टर्मिनल नाही’. फाइलचा आणि टर्मिनलचा संबंध काय? डिस्क तपासली, ड्रायव्हर तपासले. डेव्हलपरच्या मशीनवर मात्र तोच प्रोग्राम १३ दाखवायचा, म्हणजे परवानगी नाही. गोम लॉगरमध्ये होती. अक्षरं रंगीत छापायची का हे ठरवण्यासाठी तो आउटपुट टर्मिनलवर जातंय का ते विचारायचा. सर्व्हरवर आउटपुट फाइलमध्ये जायचं, उत्तर ‘नाही’ यायचं आणि त्याच कॉलने १३ पुसून २५ लिहिला जायचा. दोष फक्त फोल्डरच्या परवानगीचा होता.

म्हणून कॉल फसला की माझी पुढची पहिली ओळ ठरलेली: कोड लोकल व्हेरिएबलमध्ये उतरवायचा. लॉग, क्लोज (फाइल बंद करणं), फ्री (मेमरी सोडणं) सगळं त्यानंतर. विंडोजवर गेटलास्टएररचंही (शेवटचा एरर कोड देणाऱ्या फंक्शनचंही) तेच. ‘फंक्शनमधून बाहेर पडल्यावर वाचू’ हा शॉर्टकट सी++मध्ये तर नकोच. डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालणारी फंक्शन्स, मधेच हँडल बंद करून जातात आणि कोड बदलू शकतो.

कॉल फसला का, हे एररनोवरून ठरवू नका, रिटर्न व्हॅल्यू बघा. यशस्वी कॉल एररनो शून्य करत नाही. स्ट्रटोलच्या (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनच्या) आधी मात्र तो स्वतः शून्य करावा लागतो.

पीथ्रेडची (थ्रेड हाताळणाऱ्या लायब्ररीची) फंक्शन्स कोड थेट परत देतात, एररनोत शोधू नका.

विंडोजवर सॉकेटच्या (नेटवर्कच्या) कॉलसाठी कोड डब्ल्यूएसएगेटलास्टएररने वाचा.

दुसरी चीड आणणारी सवय म्हणजे नुसता आकडा साठवणं. ५ म्हणजे विंडोजच्या कोडमध्ये प्रवेश नाकारला, लिनक्सच्या एररनोत इनपुट-आउटपुटची चूक. ईअगेन (‘आत्ता नाही, पुन्हा प्रयत्न करा’) लिनक्सवर ११, मॅकवर ३५. नवशिके दोन्हीकडे २ म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ एवढं पाहतात आणि बाकीचे आकडेही जुळतील असं धरून चालतात. आकड्यासोबत तो कुठल्या कुळातला हेही ठेवा. सी++११ मधला एररकोड नेमकं हेच करतो. तुलना आकड्याशी नको, कोडच्या नावाशी करा. आणि मूळ आकडा फेकू नका: विंडोजचे बरेच वेगवेगळे कोड एररनोच्या एकाच ईअ‍ॅक्सेसमध्ये (वरचा ‘परवानगी नाही’) कोंबले जातात, मग फाइल दुसऱ्या प्रोसेसने अडवली होती की परवानगीच नव्हती, हे लॉगवरून कळत नाही.