जीवशास्त्रातला नवा पेपर तज्ज्ञाच्या नजरेने कसा तपासावा

नवा पेपर हाती आला की बरेच जण शीर्षक, सारांश आणि शेवटचा परिच्छेद वाचून मत बनवतात. या तिन्ही जागी लेखकांनी स्वतःची बाजू मांडलेली असते. पुरावा असतो आकृत्यांत, पद्धतींच्या विभागात आणि पुरवणी फायलींत, आणि मुरलेला समीक्षक आपला वेळ तिथेच घालवतो. एका पेपरसाठी निवांत दोन-तीन तास हाताशी ठेवा, वही-पेन जवळ घ्या आणि शेवटी दोन-अडीचशे शब्दांचे मूल्यमापन लिहायचे आहे हे धरून वाचायला बसा. लिहायचे असले की वाचन आपोआप काटेकोर होते.

सुरुवातीची दहा मिनिटे: हातात नेमके काय आहे?

पेपर समीक्षा होऊन (म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासून) छापला गेला आहे की प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच ऑनलाइन ठेवलेले हस्तलिखित, आहे ते पाहा. बायोआर्काइव्ह (2013 पासून) आणि मेडआर्काइव्ह (2019 पासून) या प्रीप्रिंट संकेतस्थळांवर येणाऱ्या हस्तलिखितांची प्राथमिक चाळणी होते, समीक्षा होत नाही. प्रीप्रिंट असेल तर कितवी आवृत्ती वाचत आहात ते टिपून ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत मुख्य आकृतीच बदललेली असू शकते.

छापील पेपर असेल तर नियतकालिकाच्या मूळ पानावर जाऊन दुरुस्ती किंवा माघारीची सूचना आहे का ते बघा. संगणकात दोन वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेल्या पीडीएफला पेपर मागे घेतला गेल्याची खबर नसते. मागे घेतलेल्या पेपरांची रिट्रॅक्शन वॉचची यादी आणि पबपीअर या संकेतस्थळावरच्या वाचकांच्या टिप्पण्या पाच मिनिटांत चाळून होतात.

आता स्वतःकडे वळा. लेखकांपैकी कुणाबरोबर अलीकडे काम केले आहे का, त्याच प्रश्नावर तुमचा गट स्पर्धेत आहे का? तसे असेल तर मूल्यमापन दुसऱ्याकडे द्या, निदान ते उघडपणे लिहा. पेपरचा कोणता भाग तुम्हाला तपासता येणार नाही, हेही आताच ठरवा. क्रायो-ईएममधले (गोठवलेल्या रेणूंची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहण्याचे तंत्र) कळत नसेल तर 'रचनेचा भाग तपासलेला नाही' असे सरळ नमूद करावे.

दावा एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत

वहीत मुख्य दावा एका वाक्यात लिहा आणि त्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. अर्धी लढाई इथेच असते. 'गाठीत प्रथिन क वाढलेले आढळते' हा संबंध झाला. 'क काढून टाकले तर गाठ वाढत नाही' म्हणजे क आवश्यक आहे. 'निरोगी पेशीत नुसते क वाढवले तरी गाठ होते' म्हणजे क पुरेसे आहे. तिन्हींना लागणारा पुरावा निरनिराळा. शीर्षकात 'घडवून आणते' आणि आकृतीत मात्र फक्त 'सोबत आढळते', अशी घसरण अगदी सर्रास दिसते.

जनुक काढून टाकण्यावर दावा उभा असेल तर परतफेडीचा प्रयोग शोधा: तेच जनुक परत घातल्यावर पेशी पूर्ववत झाली का? तो नसेल, तर क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने भलत्याच जागी घातलेला घाव हे कारण शिल्लक राहते. एसआयआरएनए (जनुकाचे काम दाबणारे छोटे आरएनए) वापरले असेल तर जनुकाच्या वेगवेगळ्या भागांवर नेम धरणारे किमान दोन क्रम हवेत. एकाच क्रमाने मिळालेला परिणाम त्या क्रमाचाच दुष्परिणाम असू शकतो.

आकृत्या वाचताना निष्कर्ष झाकून ठेवा

आकृतीच्या प्रत्येक पॅनेलसाठी (भागासाठी) चार गोष्टी लिहा: काय मोजले, कशात मोजले, किती वेळा मोजले, कशाशी तुलना केली. चारांपैकी एखादी जागा रिकामी राहिली तर पॅनेलच्या मथळ्यात शोधा, मग पद्धतींच्या विभागात. तिथेही नसेल तर तो तुमचा पहिला प्रश्न.

वेस्टर्न ब्लॉटचे उदाहरण घेऊ. यात प्रत्येक नमुन्यातली प्रथिने जेलच्या एकेका लेनमध्ये आकारानुसार वेगळी करून पटलावर उतरवतात, आणि हवे ते प्रथिन त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात दाखवतात. पट्टी कुठल्या आकाराची आहे हे सांगणारे किलोडाल्टनचे आकडे कडेला आहेत का? लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखेच प्रथिन घातल्याचे दाखवणारी पट्टी) त्याच पटलावरचा आहे की दुसऱ्या दिवशीच्या जेलचा? दोन लेन शेजारी आणून जोडल्या असतील तर मध्ये रेघ दाखवली आहे का? पुरवणीतला पूर्ण, न कापलेला ब्लॉट उघडा; मुख्य आकृतीत सुबक दिसणाऱ्या पट्टीच्या वर-खाली आणखी चार पट्ट्या निघाल्या तर अँटिबॉडी भलतीकडेही चिकटत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते जनुक काढून टाकलेल्या पेशींत ती पट्टी नाहीशी होते का? ही एक लेन असेल तर अँटिबॉडीबद्दलचे निम्मे वाद मिटतात.

त्याच ओघात प्रतिमांची पुनरावृत्ती शोधावी. 2016 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 20,621 पेपर डोळ्यांनी तपासले, तेव्हा 3.8 टक्के पेपरांत आक्षेपार्ह प्रतिमा सापडल्या. युक्ती साधी आहे: कॉन्ट्रास्ट वाढवा, प्रतिमा उलटी करून आणि फिरवून पाहा, आणि पट्टीपेक्षा मागच्या पार्श्वभूमीवरच्या ठिपक्यांकडे लक्ष द्या. दोन वेगळ्या प्रयोगांत एकसारखे ठिपके येत नाहीत. मात्र लिहिताना 'हे दोन पॅनेल एकसारखे दिसतात, मूळ फायली दाखवाव्यात' एवढेच लिहा. चुकून तीच फाइल दोनदा चिकटवली जाणेही घडते. हेतू आकृतीवरून कळत नाही.

'एन' म्हणजे नेमके काय?

एन म्हणजे स्वतंत्र निरीक्षणांची संख्या. सर्वाधिक पेपर अडखळतात ते इथे. समजा प्रत्येक गटात तीन उंदीर आहेत, प्रत्येकाच्या शंभर पेशी मोजल्या आणि मथळ्यात लिहिले: एन = 300. औषध दिले उंदराला, पेशीला नाही. एकाच उंदरातल्या शंभर पेशी एकमेकींसारख्याच वागतात. त्या स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. खरा एन तीनच.

याने किती फरक पडतो ते बघा. एसडी (प्रमाण विचलन) म्हणजे आकड्यांचा पसारा; एसईएम म्हणजे सरासरीतली अनिश्चितता, ती असते एसडी भागिले एनचे वर्गमूळ. 3 चे वर्गमूळ साधारण 1.73 आणि 300 चे 17.3. म्हणजे एसडी तेवढीच धरली तर एसईएमचा एरर बार (आलेखात अनिश्चितता दाखवणारी रेघ) दसपट आखूड होतो आणि नसलेला फरकही ठसठशीत दिसू लागतो. म्हणून एरर बार एसडीचा आहे, एसईएमचा की 95 टक्के विश्वास-पट्ट्याचा, हे मथळ्यात लिहिलेले हवे. तीन-चार निरीक्षणांवर नुसता स्तंभालेख काढलेला असेल तर प्रत्येक बिंदू दाखवावा असे सुचवा. एकाच बंडखोर बिंदूने सरासरी ओढून नेली आहे का हे मग उघड होते.

उंदरांच्या प्रयोगात आणखी काही गोष्टी पाहाव्यात. कोणता उंदीर कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते का? मोजणाऱ्याला गट माहीत होता का? औषधाचे सगळे उंदीर एका पिंजऱ्यात आणि कंट्रोलचे (तुलनेसाठी औषध न दिलेले) दुसऱ्यात असतील तर फरक पिंजऱ्याचाही असू शकतो, विशेषतः प्रश्न आतड्यातल्या जिवाणूंचा असेल तेव्हा. पद्धतींत दहा उंदीर आणि आकृतीत आठ बिंदू, तर दोन गेले कुठे? प्राण्यांवरच्या प्रयोगांची माहिती कशी लिहावी याची अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वे (2010, सुधारित 2020) नेमके हेच सगळे लिहायला सांगतात. तपासणी-यादी म्हणून ती शेजारी ठेवली तर काम हलके होते.

पी-मूल्याबद्दल (प्रत्यक्षात परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) थोडक्यात: 0.05 ही मर्यादा धरून 20 स्वतंत्र चाचण्या केल्या आणि प्रत्यक्षात कुठेच परिणाम नसला, तरी किमान एक चाचणी 'यशस्वी' दिसण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. किती गोष्टी मोजल्या आणि त्यांतल्या किती छापल्या, हे विचारा.

दुसरे कोणते कारण असू शकते?

2010 च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक पेपर आला: कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीएफएजे-1 हा जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून वाढतो, अगदी डीएनएतसुद्धा. आर्सेनेट (आर्सेनिकचे संयुग) घातलेल्या आणि फॉस्फेट (फॉस्फरसचे संयुग) न घातलेल्या माध्यमात जिवाणू वाढले, हा मुख्य आधार. समीक्षकाने इथे विचारायचा प्रश्न साधा होता: माध्यमात फॉस्फेट खरेच नव्हते का? पेपरच्याच मोजणीनुसार इतर क्षारांतून आलेले सुमारे 3 मायक्रोमोलर फॉस्फेट त्यात होते. काटकसरी जिवाणूला थोडेफार वाढायला तेवढे पुरते. दुसरा प्रश्न: डीएनएमधले आर्सेनिक रचनेत बांधलेले होते की नुसते चिकटून आलेले? 2012 मध्ये डीएनए काटेकोर शुद्ध करून तपासला गेला, तेव्हा बांधलेले आर्सेनेट आढळले नाही. 2025 मध्ये 'सायन्स'ने तो पेपर मागे घेतला. गैरप्रकाराचा ठपका नव्हता; पुरावा निष्कर्षाला पेलवत नव्हता, आणि लेखकांनी या माघारीला विरोधही केला. आपल्या कामाच्या दृष्टीने लक्षात ठेवायचे ते हे, की शंका घ्यायला लागणारा 3 मायक्रोमोलरचा आकडा पहिल्या दिवसापासून पेपरातच होता.

तुमच्या हातातल्या पेपरसाठी पर्यायी कारणांची अशीच यादी करा आणि प्रत्येकापुढे ते खोडणारा कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) लिहा. ठरलेले संशयित असे:

- सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत ठेवलेल्या पेशींचा वाण) भलतीच असणे. 1951 मध्ये वेगळ्या केलेल्या हेला पेशींनी पुढे कितीतरी लाइनींत शिरकाव केला. एसटीआर तपासणीचा (डीएनएवरून पेशींची ओळख पटवण्याचा) उल्लेख शोधा.
- मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, पण पेशींचे वागणे बदलते.
- औषध ज्यात विरघळवले त्या द्रावकाचाच परिणाम. कंट्रोलला तेवढेच डीएमएसओ (नेहमी वापरला जाणारा द्रावक) दिले होते का?
- बॅचचा फरक. सगळे रुग्ण-नमुने सोमवारी आणि सगळे निरोगी नमुने गुरुवारी तपासले असतील, तर कोणतीही आकडेमोड हे दोन फरक वेगळे काढू शकत नाही.

डेटा उघडून पाहा

'डेटा उपलब्ध आहे' एवढ्यावर थांबू नका. जीईओ, एसआरए किंवा पीडीबी या सार्वजनिक डेटासाठ्यांतला क्रमांक टाकून नोंद खरेच उघडते का, नमुन्यांची संख्या पेपरशी जुळते का, ते पाहा. जनुकांची एक्सेल फाइल असेल तर नावांचा स्तंभ क्रमाने लावा. 'सेप्ट2' हे जनुक एक्सेलच्या तावडीत सापडले की त्याची '2-सप्टेंबर' ही तारीख होते. हा घोटाळा इतका पसरला की 2020 मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने या गटाची नावेच बदलून 'सेप्टिन' केली. यादीत तारखा दिसल्या म्हणजे निष्कर्ष चुकला असे नाही, पण फाइल कुणी नजरेखालून घातली नव्हती एवढे नक्की.

मूल्यमापन लिहिताना

दोन प्रश्न वेगळे ठेवा: हे खरे ठरले तर किती महत्त्वाचे, आणि खरे असल्याचा पुरावा किती भक्कम? एकच गुण दिला की विषयाच्या झगमगाटात पुराव्याचा कच्चेपणा लपतो. 'ईलाइफ' हे नियतकालिक 2023 पासून मूल्यमापनात नेमके हेच करते; महत्त्वासाठी वेगळी शब्दश्रेणी आणि पुराव्यासाठी वेगळी.

क्रम असा ठेवा: आधी काय माहीत होते, या पेपरने काय भर घातली, पुरावा कुठे पक्का, कुठे लंगडा, आणि कोणता निकाल आला तर दावा कोसळेल. 'आकडेवारी समाधानकारक नाही' हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचे नाही. त्याऐवजी असे लिहा: 'आकृती 3 ब मध्ये एन = 240 पेशी आहेत, पण उंदीर चार. उंदरागणिक सरासरी काढून चाचणी पुन्हा करावी.' लेखकाला सोमवारी सकाळी काय करायचे ते यातून कळते.

नवे प्रयोग सुचवताना हात आखडता घ्या. मुख्य दाव्याला ज्याच्याविना आधारच नाही तेवढेच आवश्यक म्हणा. बाकीचे 'केल्यास बरे' या सदरात. सहा महिने लागणारा प्रयोग मागण्यापेक्षा दावा सौम्य करायला सांगणे पुष्कळदा योग्य ठरते.

मूल्यमापनाखाली तारीख आणि तपासलेली आवृत्ती लिहा. पुढची आवृत्ती, दुरुस्ती किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेचा निकाल आला की जुने वाक्य न खोडता त्याखाली नव्या तारखेची टीप जोडा.